ओवीतले निसटलेले नाव

मे महिन्यात चाकरमानी गावाला निघतो तेव्हा त्याच्या डोक्यात आंबे, फणस आणि परतीचे तिकीट एवढेच असते. गेल्या मे महिन्यात सावर्ड्याला जाताना माझ्या पिशवीत आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे मायक्रोफोन. काकीच्या जात्यावरच्या ओव्या एकदा मुद्रित करून ठेवायच्या, असे आमच्या घरात गेली दहा वर्षे नुसते बोलले जात होते. काकी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. गुडघे बोलतात, पण गळा अजून शाबूत आहे. या खेपेला बोलणे पुरे, काम करायचे, असे ठरवूनच मी गाडीत बसलो.

सावर्डे हे चिपळूण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांमुळे, विशेषतः तिथल्या कला महाविद्यालयामुळे, अनेकांना ते नावाने ठाऊक असते. कोकण रेल्वेचा रोहा ते मंगळूर हा मार्ग 1998 साली पूर्ण झाला, त्या मार्गावर सावर्ड्याचेही स्टेशन आहे. महामार्गाचा आवाज, गाडीचा भोंगा आणि रात्री रातकिडे हे सगळे गृहीत धरूनच आम्ही तयारी केली होती. पडवीत वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडलेले जाते पुसून घेतले, त्यात मूठभर तांदूळ टाकले. पुतण्याने त्याचा जुना लॅपटॉप आणला. ‘काका, तुम्ही फक्त बसा, बाकी सगळं मी बघतो,’ असे त्याचे आश्वासन होते.

काकी जात्याशी बसली. सुरुवातीला लाजली. ‘आता कुठं रे आठवतंय,’ म्हणाली. पण जात्याचा पहिला फेरा झाला आणि ओवीमागून ओवी येऊ लागली. आईची, विठ्ठलाची, लेकीला सासरी धाडल्याची. विसावे मिनिट उलटले असेल, तेवढ्यात वीज गेली. डोक्यावरचा पंखा थांबला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, कारण पंख्याची घरघर गेल्यामुळे काकीचा आवाज आता अधिकच स्वच्छ येणार होता. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. त्या काळोख्या पडवीत काकीने आपल्या धाकट्या भावाची ओवी म्हटली. हा भाऊ मुंबईला गिरणीत लागला आणि तिथेच वारला. ती ओवी मी जन्मात कधी ऐकली नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ते मुद्रण ऐकायला बसलो. पहिली वीस मिनिटे उत्तम. त्यानंतर मात्र ‘टिक’ असा आवाज आला. मग पुन्हा टिक, टिक. मध्येच काकीचा स्वर तुटायचा आणि दोन अक्षरे गिळून पुढे सुरू व्हायचा. भावाच्या ओवीत तर नेमके त्याचे नावच गेले होते. काकी काही बोलली नाही, पदर सावरून उठली आणि आत गेली.

एकच काम करणारे यंत्र

त्या रात्री पुतण्या लॅपटॉपला दोष देत होता आणि मी मनातल्या मनात आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरची आठवण काढत होतो. कॅसेट 1963 साली जगात आली आणि पुढे तीस-चाळीस वर्षे कोकणातल्या घराघरांत तिने नमन, भजने, बारशी आणि लग्ने टिपली. तो टेपरेकॉर्डर काही फार हुशार नव्हता. त्याची फीत ताणली जायची, आवाजात सूंऽ अशी कुरकुर असायची. पण मध्येच अक्षर गिळण्याची खोड त्याला नव्हती, कारण त्याला काम एकच होते. बटण दाबले की मोटर फिरायची, दुसरे काही नाही.

संगणकाचे तसे नाही. 1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95 बाजारात आले तेव्हा त्याचे मोठे कौतुक हेच होते की, एकाच वेळी अनेक कामे करता येतात. आजचे विंडोजही तेच करते आणि कितीतरी अधिक प्रमाणात करते. आपण समोर फक्त मुद्रणाचा प्रोग्राम उघडलेला असतो. पडद्यामागे मात्र व्हायरस शोधणारा पहारेकरी फायली तपासत असतो, नवे अपडेट उतरत असते, कागदपत्रांच्या प्रती इंटरनेटवर पाठवल्या जात असतात, वायफाय आसपासची जाळी हुंगत असते. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून देणे हे विंडोजचे धोरण. पत्र टाइप करताना सेकंदाच्या विसाव्या भागाचा उशीर झाला तर कोणाला कळत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र तेवढ्यात एक अक्षर जाते.

पन्हळ आणि कळशी

हे कसे घडते ते कोकणातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. संगणक आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून त्यांचे आकडे लिहून ठेवतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला 44,100 तुकडे, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी 48,000. हा प्रवाह पन्हळीच्या पाण्यासारखा अखंड येत असतो. पन्हळीखाली एक कळशी ठेवलेली असते. संगणकाच्या भाषेत तिला बफर म्हणतात. कळशी भरली की प्रोसेसरने ती उचलून हंड्यात, म्हणजे डिस्कवर, ओतायची आणि परत जागेवर ठेवायची. वाटेत त्याला कोणी गप्पांत गुंतवले आणि यायला उशीर झाला, तर कळशी भरून वाहू लागते. सांडलेले पाणी परत मिळत नाही. ती सांडलेली ओंजळ म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी टिक.

आता कळशी केवढी हवी? 48,000 च्या हिशेबाने 256 तुकड्यांची कळशी जेमतेम पाच मिलिसेकंदांत भरते. 2048 तुकड्यांची घेतली तर सुमारे 43 मिलिसेकंद मिळतात. म्हणजे प्रोसेसरला आठपट सवड. मग सगळेच मोठी कळशी का घेत नाहीत? कारण स्टुडिओत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकायचा असतो. कळशी मोठी असली की तो उशिरा येतो आणि गाणारा अडखळतो. म्हणून संगीतकार मंडळी लहान कळशीसाठी धडपडतात, त्यासाठी स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 1997 साली आणलेली ‘एएसआयओ’ ही पद्धत वापरतात आणि आपल्या अनुभवाचे सल्ले इतरांना देतात. पुतण्याने नेमका तोच सल्ला कुठेतरी वाचून कळशी अगदी लहान करून ठेवली होती.

आमच्या काकीला हेडफोन कशाला? ती जात्याचा आवाज ऐकत गाते. आजीची गाणी, आजोबांच्या आठवणी, बुवांचे भजन असे काही टिपायचे असेल आणि गाणाऱ्याच्या कानावर हेडफोन नसेल, तर कळशी खुशाल मोठी ठेवावी. ऑडेसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ती मुळातच 100 मिलिसेकंदांची असते. दुप्पट केली तरी काही बिघडत नाही. घरगुती मुद्रणातल्या निम्म्या टिकटिकी एवढ्यानेच थांबाव्यात.

वीज गेली तेव्हा काय झाले?

पण आमची पहिली वीस मिनिटे चांगली कशी आली, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर त्या थांबलेल्या पंख्यात होते. वीज जाताच लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि बॅटरी पुरवून वापरायची म्हणून विंडोजने प्रोसेसरचा वेग उतरवला. त्यात मेची उष्णता, आणि पुतण्याने लॅपटॉप ठेवला होता गोधडीवर. खालची हवा जायची भोके बंद. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आणखी मंद होतो. आम्ही पंखा थांबल्याचा आनंद मानत होतो, त्याच क्षणी आमचा पाणक्या थकून बसला होता आणि त्याच्या हाती लहान कळशी होती.

मुंबईला परतल्यावर मी आणि पुतण्या फोनवर बोलत एकेक दुरुस्ती करत गेलो. ज्यांच्या घरी अशीच एखादी काकी आहे, त्यांच्यासाठी ती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट विजेची. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ वर ठेवावा आणि तो बॅटरीवर असतानाही तसाच राहतो ना, हे प्लग काढून तपासावे. बॅटरी सेव्हर बंद करावा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या पोटात ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची सोय असते. ती वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणाची वीज काढून घेते. मायक्रोफोन यूएसबीचा असेल तर ती सोयही बंद करावी. मायक्रोफोन थेट लॅपटॉपलाच जोडावा, चार तोंडांच्या स्वस्त हबला नको. आणि लॅपटॉप गोधडीवर न ठेवता पाटावर ठेवावा.

यात एक पेच आहे. घराच्या वायरिंगला अर्थिंग नीट नसेल तर चार्जर जोडलेला असताना मुद्रणात हुंऽ असा आवाज येतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते, ती या रूपाने कानाला भेटते. अशा वेळी चार्जर काढून पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मुद्रण करणे हाच साधा उपाय. फक्त वर सांगितल्याप्रमाणे बॅटरीवरही वेग उतरणार नाही याची खात्री आधी हवी.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. मुद्रणापुरता एअरप्लेन मोड लावावा. त्याने वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही थांबतात. प्रोसेसरला मध्येच ओढून नेणाऱ्यांत वायफायचा ड्रायव्हर बरेचदा आघाडीवर असतो. लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम दहा मिनिटे चालवून ठेवला की, कोणता ड्रायव्हर किती उशीर लावतो हे नावानिशी दिसते. आमच्याकडे वायफायच निघाले. अपडेट आठवडाभर थांबवण्याची सोय विंडोजमध्येच आहे. पण आदल्या दिवशी साठलेले अपडेट पूर्ण करून, संगणक एकदा बंद करून सुरू करावा आणि मगच ते थांबवावेत. मुद्रणाची फाइल ‘डॉक्युमेंट्स’ मध्ये ठेवू नये. अनेक संगणकांवर तिथल्या फायली वनड्राइव्हवर आपोआप पाठवल्या जातात आणि लिहिणे चालू असतानाच दुसरा हात तिथे जातो. सी ड्राइव्हवर साधा वेगळा फोल्डर करावा आणि अँटिव्हायरसला तेवढा फोल्डर वगळायला सांगावे. अँटिव्हायरस कायमचा काढून टाकण्याचा शहाणपणा करू नये. ‘तुमचा संगणक दुप्पट वेगवान करतो’ असे सांगणारे प्रोग्राम तर घरात घेऊच नयेत. ते स्वतःच एक जास्तीचे काम होऊन बसतात.

जुना लॅपटॉप असेल तर आणखी एक सूचना. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. इंटरनेटसाठी असा संगणक वापरणे जोखमीचे असले, तरी नेट तोडून केवळ ध्वनिमुद्रणासाठी तो उत्तम काम देतो. एका परीने तो आपला टेपरेकॉर्डरच होतो.

जात्याची घरघर हा कचरा नव्हे

आमच्या मुद्रणात टिकटिकीखेरीज आणखी एक दोष होता. तो मला फार उशिरा कळला. काकीचा स्वर लांबला की तो हळूहळू बुडायचा, आणि जाते तर जवळजवळ ऐकूच येत नव्हते. याला विंडोजचा वेग कारणीभूत नव्हता. लॅपटॉपच्या ध्वनियोजनेत बोलण्याच्या सोयीसाठी गोंगाट गाळण्याची व्यवस्था असते. सतत येणारा सारखा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी, असे ती समजते आणि तो पुसून टाकते. जात्याची घरघर तिला कचराच वाटली. लांबवलेला स्वरही तिला संशयास्पद वाटला. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनच्या ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ बंद केल्या की ही चाळणी निघते. तिथेच 48,000 हा दर निवडावा आणि मुद्रणाच्या प्रोग्राममध्येही तोच ठेवावा, म्हणजे विंडोजला आकड्यांची उलटापालट करावी लागत नाही. आवाजाची पातळी काटा पार टोकाला जाणार नाही इतकी खाली ठेवावी. उणे 12 डेसिबलच्या आसपास कमाल असली की पुरे. फाइल एमपी3 न करता ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी. 24 बिटांचे, एका मायक्रोफोनचे तासभराचे मुद्रण सुमारे 520 मेगाबाइट जागा घेते. हल्लीच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही.

मग एक रंगीत तालीम. हार्मोनियमचा एक सूर किंवा मोबाइलवरचा तानपुरा मायक्रोफोनजवळ तासभर चालू ठेवून मुद्रण करावे, मध्ये मुद्दाम एकदा प्लग काढावा आणि नंतर ऐकावे. बोलण्यात लपणारी टिक अखंड सुरात लपत नाही. ऑडेसिटीत मुद्रण गळले तर ती जागा खूण करून दाखवण्याचीही सोय आहे. ही तालीम गाणारे माणूस समोर नसताना करायची.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाइल आहे की! जरूर वापरावा. एअरप्लेन मोडमध्ये ठेवलेला मोबाइल दुसरी प्रत म्हणून शेजारी असावाच. तो मेमध्ये असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण चांगला मायक्रोफोन, लांबलचक मुद्रण आणि ते तिथेच तपासून बघण्याची सोय यासाठी अनेक घरांत पडून असलेला संगणकच कामी येतो.

लाखभर ओव्या

मी हे सारे केवळ आमच्या घरापुरते सांगत नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. 1996 मध्ये बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची संगणकीय सूची केली आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. प्वातव्हाँ 2004 साली गेले, राईरकर 2010 साली. त्यांचा ठेवा आज ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांना ऐकता येतो. त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बाया आता हयात नाहीत. गिरणीवरून पीठ आणायला लागल्यापासून जात्याशी बसण्याचे कारणच गेले, त्यामुळे त्यांच्या सुनांना त्या ओव्या येत नाहीत. लाखभर ओव्या झाल्या म्हणजे सगळ्या झाल्या असे मात्र नव्हे. प्रत्येक घरच्या ओवीत त्या घरातली नावे असतात आणि ती त्या घराबाहेर कोणाला ठाऊक नसतात.

गणपतीला आम्ही पुन्हा सावर्ड्याला गेलो. पावसाचे दिवस, पत्र्यावर सर आली की मुद्रण अशक्य. ‘अरे, जात्यावरची गाणी पहाटेची असतात. संध्याकाळी बसवलंत तेव्हाच मला वाटलं होतं,’ काकी म्हणाली. आम्हाला हे आधी विचारायचे सुचले नव्हते. पहाटे पाचला पाऊस थांबला होता. लॅपटॉप पाटावर, बॅटरी भरलेली, नेट बंद, शेजारी मोबाइल. काकी पन्नास मिनिटे गायली. नंतर पुतण्याने आणि मी ते सबंध ऐकले. एकही टिक नाही. जाते घरघरते आहे, मधूनच बांगड्या वाजताहेत, लांब कुठेतरी कोंबडा आरवतो आहे.

भावाची ओवी मात्र त्यात नव्हती. मी दुपारी विचारले तेव्हा काकी म्हणाली, ‘अशी मागून येत नाही रे ती. जातं फिरता फिरता आली तर येते.’ भावाचे नाव तिने सांगितले, मी ते वहीत लिहून घेतले. ते नाव आता आमच्या वहीत आहे. मेमधल्या मुद्रणात त्या जागी अजूनही टिक आहे आणि ते मुद्रण आम्ही पुसलेले नाही.

दिवाळीत पुन्हा जायचे ठरले आहे. पहाटेच बसायचे, हे काकीनेच सांगून ठेवले आहे. तुमच्याही घरी कोणी असेल तर या रविवारी त्यांना काही विचारू नका. आधी कपाटातला लॅपटॉप काढा, हार्मोनियमचा एक सूर तासभर धरा आणि तो ऐका. सूर सलग आला की मग आजीला विचारा.